घरचे ‘उपचार’ करायला निघालेत, संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागू का?

प्रश्न : मी २४ वर्षांची, कोथरूडला आईवडिलांकडे राहते, नोकरी हिंजवडीत. माझं एका मुलीवर प्रेम आहे हे महिन्याभरापूर्वी घरी कळलं. तेव्हापासून संध्याकाळी फोन बाबांकडे द्यावा लागतो. येत्या रविवारी एका डॉक्टरांकडे नेणार आहेत, ‘महिनाभर ॲडमिट केलं की ताळ्यावर येईल’ म्हणतात. लैंगिक कल आणि लिंगओळख यांसंबंधी मानवी हक्क सांगणाऱ्या योग्यकर्ता तत्त्वांबद्दल वाचलं. त्यांच्या आधारे संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार करता येईल का?

उत्तर : नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९७९ मध्ये सामील झाला, पण एकट्या नागरिकाला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे थेट तक्रार नेता येते ती ज्या जोडकरारामुळे, तो आपण स्वीकारलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यातल्या एका नागरिकाने त्याच वाटेने जाऊन १९९४ मध्ये तिथला समलैंगिकताविरोधी कायदा समितीकडून कराराचा भंग ठरवून घेतला. आपल्याला ती वाट बंद.

योग्यकर्ता तत्त्वं २००६ मध्ये इंडोनेशियात जमलेल्या तज्ज्ञांनी लिहिली. त्यांवर कुठल्याही देशाची सही नाही. ‘हा काही कायदा नाही’ असं कुणी म्हणालं तर ते खरंच आहे, पण अर्धंच. मूलभूत हक्कांशी विसंगत नसलेली आंतरराष्ट्रीय तत्त्वं आपली न्यायालयं राज्यघटनेचा अर्थ लावताना वापरतात, हे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलच्या १९९७ च्या विशाखा निकालापासून रुळलं आहे. तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलच्या २०१४ च्या नालसा निकालात आणि २०१८ मध्ये समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असं ठरवणाऱ्या ३७७ कलमाच्या निकालातही सर्वोच्च न्यायालयाने योग्यकर्ताचा आधार घेतला. लैंगिक कलापायी कुणावर उपचारांची सक्ती नको, असं त्यातलं अठरावं तत्त्व सांगतं. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर ते जरूर मांडू. रविवारी दवाखान्याच्या दारात मात्र ते कोण ऐकणार?

तिथे उपयोगी पडेल तो आपलाच २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक मूल्यांशी तुमचं वागणं जुळत नाही, एवढ्यावर तुम्हाला मनोरुग्ण ठरवता येत नाही (कलम ३). कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे लैंगिक कल बदलण्याचे ‘उपचार’, हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच कळवलं आहे. त्याची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे होते.

आता खरी मेख. सज्ञान माणसाला संमतीशिवाय दाखल करायचं तर कलम ८९ लागतं, आणि तो अर्ज करायचा असतो तुमच्या ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ने. तुम्ही कुणाला नेमलं नसेल तर कायदा नातेवाइकांकडे वळतो, म्हणजे बाबांकडे. म्हणून कलम १४ खाली आजच नेमणूक करा. साध्या कागदावर नाव आणि तुमची सही. पुण्यात पाचशेच्या स्टॅम्पशिवाय कागदाला कुणी कागद म्हणत नाही, पण इथे स्टॅम्प नको, नोटरीही नको. मैत्रीण की मावसबहीण ते तुम्ही ठरवा. डॉक्टरांसमोर उभं राहून भांडेल असं माणूस हवं, आणि ही जबाबदारी मान्य असल्याचं त्या व्यक्तीनेही लेखी द्यायचं असतं.

घरात कोंडलंच तर पोलिसांना ११२ वर फोन. मैत्रिणीला मुंबईत उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका, म्हणजे कोंडलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी मागणी, करता येईल. अशा प्रकरणांत न्यायाधीशांनी मुलीशी एकांतात बोलावं, तिचा कल बदलावा म्हणून समुपदेशनाला पाठवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये बजावलं आहे. वकिलाच्या फीची काळजी नको. शिवाजीनगर न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील देतं. नालसा खटला ज्या राष्ट्रीय प्राधिकरणाने लढवला, त्याच्याच साखळीतलं हे.

घर सोडायचं ठरवलंत तर ‘स्वखुशीने जात आहे’ असं पत्र पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या, कारण घरचे आधी ‘बेपत्ता’ची तक्रार करतील. आधार कार्ड आणि पदवीची प्रमाणपत्रं आतापासूनच ऑफिसच्या कपाटात हलवा. आणि नेमणुकीच्या कागदाचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नका, तो फोन संध्याकाळी बाबांच्या हातात असतो.