दोन विमानांच्या मधली रात्र विमानतळावरच काढता येते का?

हो, येते, पण आधी तिकीट बघा. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असतील तर सामान बहुधा थेट पुढे जातं आणि तुम्ही ट्रान्झिट भागातच, म्हणजे इमिग्रेशनच्या अलीकडे, थांबू शकता. तिकिटं वेगवेगळी असतील तर बॅगा घ्यायला बहुतेकदा इमिग्रेशन ओलांडावं लागतं, म्हणजे व्हिसा लागू शकतो. बरेच जण इथेच अडकतात. म्हणून चेक-इनला बॅगेच्या टॅगवर शेवटच्या विमानतळाचा तीन अक्षरी कोड आहे ना, ते स्वतः बघून घ्या. अमेरिकेत तर विमान बदलायलाही इमिग्रेशन चुकत नाही.

सिंगापूरच्या चांगी आणि दोहाच्या हमाद विमानतळावर आतच हॉटेल आहे, फुकट आडवं व्हायच्या जागाही आहेत. एसीचा गारठा मात्र सगळीकडे. शाल आणि मोजे हातातल्या बॅगेत ठेवा. पासपोर्ट अंगावरच.