साडेचार वर्षांची मुलगी रात्री वरणभाताशिवाय कशाला हातच लावत नाही. नवीन भाज्या कशा खायला लावू?

खायला लावूच नका. तिच्या वरणभाताशेजारी नवीन भाजी चमचाभर वाढा, आग्रह करू नका आणि दोन-चार दिवसांनी तीच भाजी पुन्हा ताटात येऊ द्या. साधारण 2 ते 6 या वयात अनोळखी चवीची धास्ती स्वाभाविक असते. बालआहाराच्या अभ्यासांत दिसलंय की एखादा पदार्थ आवडायला मुलांना तो बरेचदा 8 ते 15 वेळा चाखावा लागतो. आपण मात्र तिसऱ्याच नकाराला 'हिला मेथी आवडत नाही' असं ठरवून मोकळे होतो! आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची वाटणी मला फार पटते: काय, कधी, कुठे हे पालकांनी ठरवायचं; खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. मेथी निवडायला तिला शेजारी बसवा, पानं खुडताना बोटांना वास लागू दे. 'भाजी संपव, मग चॉकलेट' हे अजिबात नको, त्याने भाजी शिक्षाच वाटू लागते. संध्याकाळचं दूध-बिस्किटही जेवणाच्या तोंडावर देऊ नका. मात्र वजन वाढत नसेल, घास गिळताना वारंवार ठसका लागत असेल किंवा आधी खात असलेले पदार्थही एकेक करून सुटत असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.