'दिवो क्लॉदिओ' लिहिलेलं रोमन नाणं कोणत्या क्लॉडियसचं?

'दिवो क्लॉदिओ', म्हणजे 'देव झालेल्या क्लॉडियसला', असं लिहिलेलं तुमचं नाणं कोणत्या क्लॉडियसचं, असं तुम्ही विचारलं आहे. किरणांचा मुकुट घातलेला चेहरा, नाण्याच्या मागच्या बाजूला पेटती वेदी आणि 'कॉन्सेक्रातिओ' (देवपद बहाल करणं) ही अक्षरं, असं वर्णन तुम्ही दिलं आहे. म्हणजे हा ब्रिटन जिंकणारा क्लॉडियस नव्हे. हा त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी आलेला दुसरा क्लॉडियस, गॉथ टोळ्यांना हरवल्यामुळे 'गोथिकस' म्हणवला गेलेला. इ.स. 270 मध्ये सिर्मियमला (आजच्या सर्बियात) साथीच्या रोगात तो गेला आणि सिनेटने त्याला देवपद दिलं. तुमचं नाणं त्याच्या मृत्यूनंतर पाडलेलं आहे.

अशी नाणी हातात आली की मी आधी पाहतो, ती पाडली कोणी. सत्ता भावाकडे, क्विंटिलसकडे गेली आणि काही महिन्यांतच सेनापती ऑरेलियनकडे. गादी डळमळीत असताना आधीचा सम्राट देव झाला आहे हे गावोगाव पोचवायला नाण्याइतकं सोपं साधन दुसरं नव्हतं. त्यात चांदी तेव्हा नावालाच उरली होती, त्यामुळे ही नाणी अफाट संख्येने निघाली. गॉल (आजचा फ्रान्स) आणि ब्रिटनमध्ये तर लोकांनी त्यांच्या नकलाही पाडल्या. तुमच्या नाण्यावरची वेदी भिंगाखाली नीट बघा. वेदीच्या दर्शनी बाजूचे चार चौकोन आणि प्रत्येकात एक ठिपका स्पष्ट असेल, अक्षरंही सरळ असतील, तर ते अधिकृत टांकसाळीचं असण्याची शक्यता जास्त. नाणं नखाएवढं आणि अक्षरं वेडीवाकडी असतील, तर बहुधा नक्कल. माझ्या मते नक्कलही तितकीच जपण्यासारखी आहे.

गंमत म्हणजे हा क्लॉडियस पुन्हा एकदा कामी आला. पुढच्या काळातल्या सम्राट कॉन्स्टंटाइनने त्याला आपला पूर्वज ठरवलं आणि 317-318 च्या सुमारास त्याच्या नावाने छोटी तांब्याची नाणी काढली. या नात्यावर आज इतिहासकार विश्वास ठेवत नाहीत. पुढे 337 मध्ये कॉन्स्टंटाइन स्वतः वारला, तोही मरणापूर्वी बाप्तिस्मा घेऊन, म्हणजे ख्रिस्ती होऊन. तरी मुलांनी पाडलेल्या नाण्यांवर त्याच्या नावाआधी तीच 'दिवो'सारखी देवपदाची उपाधी आहे. मागच्या बाजूला चार घोड्यांच्या रथातून तो वर निघालाय आणि आकाशातून एक हात त्याला घ्यायला खाली आलाय. या सगळ्या मालिकेत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच नाणं, जुना धर्म आणि नवा धर्म दीड सेंटिमीटरच्या तांब्यावर एकत्र.

एक कळकळीची विनंती: नाणं चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. वरचा हिरवट थर गेला की त्यासोबत अक्षरंही जातात.