खेळताना मुलाचा पुढचा दात मुळासकट पडला, तर दवाखान्यात पोचेपर्यंत काय करावं?

नऊ वर्षांच्या मुलाला चेंडू लागून दात निघाला तर काय, असं तुम्ही विचारलंय. मी सोलापुरात दातांचा दवाखाना चालवते. पार्क मैदानावरून, गल्लीबोळातून अशी मुलं येतात, आणि दात बहुतेकदा कागदात गुंडाळलेला असतो, घासूनपुसून चकचकीत केलेला. घात तिथंच होतो. मुळावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो, त्याच्याच जोरावर दात हाडाशी पुन्हा जुळतो. घासलं की तो थर निघतो, कोरडा राहिला की मरतो. तासभर कोरड्या राहिलेल्या दाताच्या पेशी फारशा वाचत नाहीत. आपल्या इथल्या मे महिन्यातल्या उन्हात तर दात क्षणभरही उघडा ठेवू नका.

दात फक्त पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. माती असेल तर दुधानं हलकेच धुवा. मग शेजारच्या दाताच्या रांगेत, पुढची बाजू पुढे ठेवून, होता तिथंच बसवा आणि वर स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. पहिल्या पंधरा मिनिटांत हे झालं तर उत्तमच. आईवडील घाबरतात, ते समजू शकते, पण याहून मोठी मदत दुसरी नाही.

नाहीच जमलं तर दात थंड दुधात ठेवा. चहाची टपरी कुठंही सापडते; उकळतं नको, पिशवीतलं मागा. तेही नसेल तर मुलाला वाटीत थुंकायला सांगून त्या लाळेत ठेवा. साध्या पाण्यात मात्र ठेवू नका, त्यात पेशी फुगून फुटतात.

दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही, आतल्या पक्क्या दाताला इजा होते. पण वरचे पुढचे पक्के दात सातव्या-आठव्या वर्षी येतात, म्हणजे तुमच्या मुलाचा बहुधा पक्काच.

रक्त थांबवायला स्वच्छ कापड दाबून धरा, जखमेत हळद भरू नका. शुद्ध हरपली किंवा उलट्या झाल्या, तर दात बाजूला ठेवून आधी हॉस्पिटल गाठा.

डेंटिस्ट दात शेजारच्या दातांना साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात. या वयात मुळाचं टोक उघडं असतं, त्यामुळे रूट कॅनाल लगेच लागेलच असं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय तेवढं आठवून ठेवा आणि निघतानाच फोन करा, म्हणजे खुर्ची तयार राहील.