किल्ली दुसऱ्याच्या हातात देताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : भाजीच्या वाहतुकीसाठी आमची पिकअप आहे. ड्रायव्हरच्या लायसन्सवर फक्त ‘एलएमव्ही’ (हलकं मोटार वाहन) आहे, ट्रान्सपोर्टची नोंद नाही. विमा एजंट म्हणतो, अपघात झाला तर कंपनी हात वर करेल. खरं आहे का? (सातारा)

उत्तर : पूर्वी अशी भांडणं खूप झाली, आता हा मुद्दा मिटला आहे. गाडीचं मालासकट एकूण वजन 7,500 किलोच्या आत असेल, तर साध्या एलएमव्ही लायसन्सवर मालवाहू गाडी चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये तसं सांगितलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. आरसीवर ‘लेडन वेट’चा आकडा असतो, तो पाहा. छोटा हत्ती, पिकअप या मर्यादेत सहज बसतात. ज्वालाग्राही किंवा घातक माल आणि ई-रिक्षा यांचे नियम मात्र वेगळे आहेत.

खरी अडचण लायसन्सच्या तारखेची असते. मुदत संपल्यावर 30 दिवस लायसन्स चालायचं, ही सवलत 2019 च्या दुरुस्तीत गेली. आज मुदत संपली तर उद्या तो ड्रायव्हर कायद्याच्या दृष्टीने बिनलायसन्सचाच. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून करता येतो. संपल्यावर वर्षभरात केला तरी चालतो, पण मधल्या दिवसांत गाडी चालवायची नाही. वर्ष उलटलं की पुन्हा चाचणी द्यावी लागते. कार्डावर नॉन-ट्रान्सपोर्ट आणि ट्रान्सपोर्ट अशा दोन तारखा असू शकतात. 7,500 किलोच्या वरच्या गाडीसाठी दुसरी तारीख चालू असायला हवी. ती पाच वर्षांची असते. बरेच मालक पहिलीच तारीख वाचतात.

मुदत संपलेल्या किंवा बिनलायसन्सच्या ड्रायव्हरकडून कोणी जखमी झालं, तर विमा कंपनी सहसा पूर्ण सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या स्वरणसिंग खटल्यातल्या 2004 च्या निकालापासूनची रीत अशी : कंपनीने अपघातग्रस्ताला भरपाई द्यायची आणि नंतर ती मालकाकडून वसूल करायची. म्हणजे विमा असूनही रक्कम शेवटी तुमच्या खिशातून जाते, आणि मृत्यूच्या प्रकरणात ती शेती विकायला लावू शकते. यातून सुटायचं तर मालकाने पुरेशी काळजी घेतली होती हे दिसावं लागतं. ड्रायव्हरचं लायसन्स बोगस निघालं, पण ठेवताना तुम्ही ते पाहिलं होतं, ते खरं वाटण्याजोगं होतं आणि त्याला गाडी नीट चालवता येत होती, तर न्यायालयं मालकाच्या बाजूने उभी राहिली आहेत. न पाहताच किल्ली दिली, तर बाजू लंगडी पडते.

म्हणून ड्रायव्हर ठेवतानाच लायसन्सची प्रत घ्या. लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकून सरकारच्या सारथी पोर्टलवर स्थिती, वाहनवर्ग आणि दोन्ही तारखा बघा. ते पान छापून प्रतीला टाचून ठेवा. त्याच्या मुदतीची तारीख विम्याच्या तारखेशेजारी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा याहून कडक असतो : चालू लायसन्स नसेल तर तो बहुतेक वेळा सरळ नाकारला जातो. शिवाय बिनलायसन्सच्या माणसाला गाडी दिली म्हणून कलम 180 खाली मालकावर आणि चालवली म्हणून कलम 181 खाली चालकावर कारवाई होते. दोघांनाही 5,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा झाला. क्लासला जायला स्कूटर देता येईल ना? सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं म्हणतात. (सोलापूर)

उत्तर : मिळतं, पण 50 सीसीपर्यंतच्या गिअर नसलेल्या गाडीचं, आणि तशी गाडी आज दुकानात मिळणं जवळजवळ अशक्य. घराघरांत असलेल्या 110 आणि 125 सीसीच्या स्कूटरला अठरा वर्षं पूर्ण लागतात. अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम 199-अ लागतं : पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लर्निंग लायसन्ससुद्धा नाही. ‘कॉलनीतल्या कॉलनीत फिरवतो’ हा बचाव ठोठावलेल्या दंडापुढे टिकत नाही. मोटर 250 वॅटच्या आतली, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत, अशा मान्यताप्राप्त इलेक्ट्रिक गाडीला मात्र लायसन्स, नोंदणी, विमा काहीच लागत नाही. घेताना मान्यतेचा कागद मागा आणि दुकानदार वेग वाढवून देतो म्हणाला तर घेऊ नका. वेग वाढला की ती मोटार वाहन ठरते.

प्रश्न : ओळखीच्या माणसाने 1,900 रुपयांत गाडीची ‘फुल पॉलिसी’ काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवली. गाडी 1,200 सीसीची. खरी की खोटी कसं कळेल? (नाशिक)

उत्तर : आकडाच बोलतो आहे. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या सक्तीच्या विम्याचा दर कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासूनच्या दरांनुसार खासगी कारसाठी वर्षाला 1,000 सीसीपर्यंत 2,094, त्यापुढे 1,500 सीसीपर्यंत 3,416 आणि त्याहून मोठ्या गाडीला 7,897 रुपये. तुमच्या गाडीचे 3,416 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरले तर नुसत्या थर्ड पार्टीचेच 4,031 रुपये होतात. 1,900 रुपयांत ‘फुल’ बसणं शक्य नाही. यातली नेहमीची युक्ती म्हणजे स्वस्तातली दुचाकीची खरी पॉलिसी घ्यायची आणि पीडीएफमध्ये गाडीचा तपशील बदलायचा. म्हणून पॉलिसी नंबर खरा निघाला तरी समाधान मानू नका.

तपासायचं असं : पीडीएफवरचा फोन नंबर वापरू नका, कंपनीच्या संकेतस्थळावरून नंबर घ्या. पॉलिसी नंबर सांगून ती कोणत्या गाडीवर आहे हे त्यांनाच विचारा, तुम्ही आधी सांगू नका. चासी आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. क्यूआर कोड स्कॅन करून पाहा; तो कंपनीच्याच पानावर उघडायला हवा. सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर गाडी नंबर टाकून विम्याची नोंद आणि मुदत बघा. नव्या पॉलिसीची नोंद दिसायला काही दिवस लागू शकतात. पैसे कोणाच्या खात्यात गेले तेही पाहा. कंपनीऐवजी एखाद्या माणसाच्या यूपीआयवर गेले असतील, तर आजच कंपनीला आणि पोलिसांना कळवा. तोवर गाडी बाहेर काढू नका. विमा नसताना चालवली तर पहिल्या वेळी 2,000 आणि पुढच्या वेळी 4,000 रुपये दंड, सोबत तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे.

नवी गाडी 2018 च्या सप्टेंबरपासून पुढे घेतलेल्यांनी एक बघावं. कारला तीन आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो, पण स्वतःच्या नुकसानीचा भाग बऱ्याचदा एका वर्षाचाच असतो. ‘पाच वर्षं बघायचं नाही’ म्हणून तो संपून जातो. संपल्यावर 90 दिवस उलटले की नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, आणि परत घेताना कंपनी फोटो किंवा व्हिडिओ तपासणी मागते.

प्रश्न : लर्निंग लायसन्सवर एकट्याने सराव करता येतो का? (पनवेल)

उत्तर : नाही. शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवी. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा : पाटी 18 सेंटिमीटर चौरस, अक्षर 10 सेंटिमीटर उंच. लर्निंग सहा महिने चालतं, तीस दिवसांनंतर पक्क्याची चाचणी देता येते.

प्रश्न : सिग्नलला मागून एकाने ठोकलं. लायसन्स नाही, विमा नाही, ‘पाच हजार घ्या आणि मिटवा’ म्हणतो. अशा वेळी काय करावं? (डोंबिवली)

उत्तर : फक्त पत्रा चेपला असेल तर तडजोड करायची की नाही हा तुमचा निर्णय. पण रक्कम गॅरेजचा अंदाज आल्यावर ठरवा. बंपरच्या आतली फ्रेम आणि सेन्सर बाहेरून दिसत नाहीत. कोणालाही दुखापत असेल तर तडजोड नको, 112 वर कळवा आणि पंचनामा होऊ द्या. अपघात घडवणाऱ्या चालकावर जखमीला मदत देण्याची आणि 24 तासांत पोलिसांना कळवण्याची जबाबदारी असते. गाड्या हलवण्याआधी नंबर प्लेट आणि दोन्ही गाड्यांचे लांबून फोटो घ्या. त्याचा विमा खरंच नाही का, हे तिथेच एमपरिवहनवर पाहा. रागाच्या भरात लोक नाही म्हणतात.

तुमची पॉलिसी ओडी (स्वतःच्या गाडीचं नुकसान) धरून असेल तर गाडी दुरुस्तीसाठी खोलण्याआधी कंपनीला कळवा, सर्व्हेअर पाहून जाऊ द्या. 1,500 सीसीपर्यंत 1,000 आणि पुढे 2,000 रुपयांची सक्तीची वजावट असते, आणि दाव्यानंतर नो क्लेम बोनस जातो. किरकोळ दुरुस्तीसाठी 50 टक्क्यांपर्यंतचा बोनस घालवण्यात फायदा नाही, हिशेब मांडून बघा. त्याच्याकडून भरपाई हवी असेल तर मोटार अपघात दावा प्राधिकरणात चालक आणि मालक दोघांविरुद्ध अर्ज करा, तोही सहा महिन्यांच्या आत. ठोकून पळून गेला आणि गाडी सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपयांची सरकारी योजना आहे. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी मे 2025 पासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या मर्यादेत कॅशलेस उपचारांचीही योजना आहे. धडकलेल्या गाडीला विमा नसला तरी हे उपचार नाकारता येत नाहीत, एवढं रुग्णालयात ठामपणे सांगा.