बोका परवडतो, पॉलिसी परवडत नाही

प्रश्न (अविवाहित वाचक, वय 36, पुणे) : हातात पगार 62 हजार, घरखर्च 42 हजार, एसआयपी 5 हजार. आई सोबत असते, तिला स्वतःचं पेन्शन आणि मेडिक्लेम आहे. एका प्राणीमित्र संस्थेतला सहा वर्षांचा बोका दत्तक घ्यायचा आहे. त्याला मधुमेह आहे, पण फार मायाळू आहे, मांडीवर येऊन हनुवटीला डोकं घासत बसतो. औषधाने काही महिन्यांत बरा होईल असं ऐकलंय. तोवरच्या खर्चासाठी एसआयपी बंद करू का? त्याचा विमा काढू का? पुढच्या महिन्यात बँकेतून घेतलेल्या आयुर्विमा पॉलिसीचा (दहा वर्षं दरसाल एक लाख, विसाव्या वर्षी वीस लाख) चौथा हप्ता आहे. बचत खात्यातले 70 हजार आणि फंडातून काढलेले 30 हजार असे मिळून तो भरणार आहे.

उत्तर : बोका जरूर आणा. मात्र तुमच्या पत्रातली काळजीची गोष्ट बोका नाही, शेवटची दोन वाक्यं आहेत. एका हप्त्यासाठी तुम्ही खातं रिकामं करताय, वर फंडही मोडताय. दुसऱ्या दिवशी आई घसरून पडली, तर मेडिक्लेमचे पैसे येईपर्यंत दवाखान्यात भरायला हातात काय उरेल?

बँकेतल्या माणसाने ही पॉलिसी ‘एफडीसारखीच’ म्हणून दिली, असं तुम्ही लिहिलंय. ती एफडीसारखी अजिबात नाही. दहा वर्षं दरसाल एक लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी वीस लाख घ्यायचे, म्हणजे पैसे दुप्पट. पण प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं अडकून पडतो. पैसे दुप्पट व्हायला जितकी वर्षं लागतात, त्याने 72 ला भागलं की वार्षिक दर ढोबळ कळतो. 72 ला साडेपंधराने भागा : जेमतेम साडेचार टक्के. राहिला विमा. तुमच्या पगारावर कुणीच अवलंबून नाही, मग तो कुणासाठी? अविवाहित, कमावत्या माणसाच्या गळ्यात असा कागद मारणं मला पटत नाही, आणि हे सर्रास चालतं.

आता तीन लाख गेलेच आहेत, तेव्हा पुढचा हिशोब करू. वीस लाखांतले साधारण सहा भरलेल्या तीन हप्त्यांचेच; उरलेले सात लाख भरलेत तर परताव्यात साधारण 14 लाखांची भर पडेल. तेच हप्ते पीपीएफमध्ये टाकले आणि आजचा 7.1 टक्के दर टिकला, तर सव्वाअठरा लाखांच्या पुढे जातात. म्हणून हप्ता थांबवा.

पण रागाच्या भरात पॉलिसी सरेंडर करू नका, म्हणजे मोडून पैसे परत घेऊ नका. तीन हप्त्यांनंतर हमीचं सरेंडर मूल्य भरलेल्या रकमेच्या 35 टक्के, म्हणजे लाखभर. पॉलिसी ‘पेड-अप’ केली, म्हणजे न मोडता फक्त हप्ते थांबवले, तर दहापैकी तीन हप्त्यांच्या प्रमाणात, ढोबळ सहा लाख, मुदतीअखेर मिळायला हवेत. आजच्या एका लाखाचे सतरा वर्षांनी सहा लाख होणं म्हणजे दहा टक्क्यांच्या वर. हे दोन्ही आकडे कंपनीकडून ईमेलवर मागवा, कारण काही योजनांत पेड-अप रक्कम कापतात. ती चार लाखांच्या खाली निघाली तर मला परत लिहा. आणि बँकेतली ऑटो-डेबिटची परवानगी आधी रद्द करा. नाहीतर तुम्ही ठरवत बसाल आणि हप्ता खात्यातून जाईल. ‘सगळं बुडेल’ असा फोन येईलच. तसं लेखी द्या म्हणा.

हप्ता थांबला की घरखर्च आणि एसआयपी वजा जाता महिन्याला 15 हजार मोकळे होतात. एसआयपीला हात लावायची गरजच उरत नाही.

आता बोक्याचा खर्च. पुण्या-मुंबईतले गोल आकडे सांगतो. कमी कर्बोदकांचं ओलं खाद्य, दिवसाला 85 ग्रॅमची तीन पाकिटं : महिन्याला चार हजार. इन्सुलिन, सिरिंज, साखर तपासायच्या पट्ट्या मिळून दोन हजार. लिटर (शी-शूच्या ट्रेमधली माती) आणि डॉक्टर-तपासण्यांची सरासरी हजार. सात हजार धरा. इन्सुलिनचा हिशोब युनिटवर करू नका. ग्लार्जिन नावाच्या इन्सुलिनच्या 3 मिलीच्या कार्ट्रिजमध्ये 300 युनिट असतात आणि बोक्याला दिवसाला दोन-चारच लागतात. पण उघडल्यावर 28 दिवसांत टाकून द्या असं कंपनी सांगते, म्हणून महिन्याला एक कार्ट्रिज धरा.

इथे एक चूक जिवावर बेतते. ग्लार्जिन एका मिलीत 100 युनिटचं असतं, त्याला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. मेडिकलवाल्याने लाल टोपणाची, मिलीला 40 युनिटच्या इन्सुलिनसाठीची दिली आणि तुम्ही तिच्या एकच्या रेघेपर्यंत औषध ओढलंत, तर आत अडीच युनिट जातात. साखर एकदम खाली येते, बोका लडखडतो. तसं झालं तर हिरड्यांना मध चोळा आणि तडक डॉक्टरांकडे. अशा एका रात्रीच्या भरतीसाठी 40 हजार बाजूला हवेत, ते तुमच्या 70 हजारांतून आजच वेगळे काढा.

बोक्याचा विमा काढू नका, आधीपासूनचा आजार त्यात बसत नाही. आणि ‘काही महिन्यांत बरा’ हे बजेटमध्ये धरू नका. वेळेवर इन्सुलिन आणि योग्य खाणं मिळालं तर काही मांजरांचं इन्सुलिन सुटतं हे खरं, पण खाणं आणि तपासण्या सुटत नाहीत, आणि साखर पुन्हा वाढूही शकते. त्याच्या आयुष्यभरासाठी सात हजार धरा.

15 मधून हे सात गेले की आठ उरतात. ते सगळे आणीबाणीच्या निधीत. सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे तीन लाख, साठेपर्यंत पीपीएफसुद्धा नको.

इंजेक्शन बारा-बारा तासांनी, सकाळी सात आणि संध्याकाळी सात, सणवारीही. बोक्याने जेवण टाकलं तर नेहमीचा डोस टोचण्याआधी डॉक्टरांना फोन. संस्थेत तो कोरडं खाद्य खात असेल, तर ते स्वतःच्या मनाने बदलून ओलं सुरू करू नका, कर्बोदकं कमी झाली की डोसही कमी करावा लागतो. तुम्ही ऑफिसात अडकलात तर टोचणार कोण, हे आजच ठरवा. आईला घेऊन संस्थेत जा. एक इंजेक्शन तिथला कार्यकर्ता बोक्याला देत असताना बघा, पुढचं त्याच्यासमोर तुम्ही द्या, त्याच्या पुढचं आईला देऊ द्या. शेवटच्या तपासणीचा कागद आणि सध्या वापरतात ती सिरिंज, दोन्ही मागून घ्या. टोपणाचा रंग तिथेच बघा.