वाचकांचे प्रश्न : आमदारकीनंतर पुन्हा स्कूल बोर्डावर

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. 2019 च्या मे महिन्यात मुलीकडे लॉस एंजेलिसला होतो, तेव्हा तिच्या टपालपेटीत स्कूल बोर्डाच्या पोटनिवडणुकीची पत्रके सारखी येत होती. त्यातल्या एक उमेदवार वयाने सत्तरी ओलांडलेल्या आणि माजी आमदार होत्या. आपल्याकडे एकदा आमदारकी मिळाली की माणूस नगरपालिकेच्या समितीकडे परत फिरकत नाही. मग हे पद तिथे इतके मोठे मानले जाते का, की त्यामागे दुसरे काही कारण होते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण ज्यांची पत्रके पाहिली त्या जॅकी गोल्डबर्ग. त्यांचा जन्म 1944 चा, म्हणजे त्या निवडणुकीच्या वेळी त्या 74 वर्षांच्या होत्या. आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यांच्या कारकिर्दीत दडलेले असल्यामुळे ते थोडे विस्ताराने देतो.

आधी पदाविषयी. बोर्ड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दहावी-बारावीच्या परीक्षा घेणारे मंडळ येते. तिथले स्कूल बोर्ड म्हणजे सरकारी शाळांचा प्रत्यक्ष कारभार पाहणारी, मतदारांनी थेट निवडून दिलेली समिती. लॉस एंजेलिसच्या बोर्डावर सात सदस्य असतात आणि प्रत्येकाचा स्वतंत्र मतदारसंघ असतो. लॉस एंजेलिस शहर आणि लगतची वीसहून अधिक छोटी शहरे या बोर्डाच्या कक्षेत येतात, आणि न्यूयॉर्कखालोखाल देशातील सर्वात मोठी शाळाव्यवस्था या सात जणांच्या हाती असते. अधीक्षकाची नेमणूक, अंदाजपत्रक, शिक्षक संघटनेशी होणारा करार, कोणती शाळा चालू ठेवायची आणि कोणती बंद करायची, खासगी संस्थांनी चालवलेल्या पण सरकारी पैशावर चालणाऱ्या चार्टर शाळांना परवानगी द्यायची की नाही, हे सगळे तेथे ठरते.

गोल्डबर्ग मूळच्या शिक्षिका. बर्कलीच्या विद्यापीठात शिकत असताना 1964 मधील भाषणस्वातंत्र्याच्या विद्यार्थी चळवळीत त्यांनी पुढाकार घेतला आणि अटकही झाली. पुढे लॉस एंजेलिसशेजारच्या कॉम्प्टन या गरीब वस्तीच्या शहरात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. 1983 मध्ये त्या पहिल्यांदा लॉस एंजेलिसच्या बोर्डावर निवडून आल्या, 1987 मध्ये पुन्हा निवडून आल्या आणि 1989 ते 1991 या काळात बोर्डाच्या अध्यक्षा होत्या.

माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सर्वात शिकण्यासारखा टप्पा हाच आहे, आणि त्याची चर्चा मात्र सर्वात कमी होते. मे 1989 मध्ये लॉस एंजेलिसच्या शिक्षकांनी नऊ दिवसांचा संप केला. गोल्डबर्ग स्वतः शिक्षिका, संघटनेच्या जवळच्या मानल्या जाणाऱ्या, आणि तरीही वाटाघाटीच्या टेबलावर त्या दिवशी मालकाच्या बाजूला बसलेल्या. संप मिटला तेव्हा तीन वर्षांत मिळून 24 टक्के पगारवाढ मान्य झाली आणि शाळेच्या निर्णयांत शिक्षकांना व पालकांना वाटा देणाऱ्या समित्या स्थापन करण्याचे ठरले. त्यानंतर दोनच महिन्यांनी गोल्डबर्ग अध्यक्षा झाल्या, म्हणजे दिलेला शब्द अंदाजपत्रकात बसवण्याचे काम त्यांच्याकडे आले. पुढे कॅलिफोर्नियात मंदी आली आणि नव्वदीच्या सुरुवातीला त्याच शिक्षकांवर पगारकपात सोसण्याची पाळी आली. आपण मुख्याध्यापक होतात, तेव्हा सहकाऱ्यांच्या मागण्या रास्त आहेत हे मनोमन पटत असताना वरून आलेले परिपत्रक त्यांना वाचून दाखवण्याची वेळ आपल्यावरही आली असेल. त्यात किती घुसमट होते हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

येथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते. 1978 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन 13 मंजूर करून मालमत्ता कराला कायमची मर्यादा घातली. तेव्हापासून शाळांच्या पैशाचा मोठा भाग स्थानिक बोर्डाच्या हातून निसटून राज्याच्या राजधानीत, सॅक्रमेंटोत, ठरू लागला. बोर्डाने करार करायचा, पण त्याला लागणारा पैसा राज्याने द्यायचा, अशी ही विचित्र वाटणी आहे. म्हणून गोल्डबर्ग पुढे वरच्या पदांकडे गेल्या त्याला मी केवळ महत्त्वाकांक्षा म्हणणार नाही. 1993 मध्ये त्या हॉलिवूड परिसरातून टॉम लाबाँज यांचा पराभव करून नगर परिषदेवर गेल्या. समलिंगी असल्याचे उघडपणे सांगून त्या परिषदेवर निवडून आलेल्या त्या पहिल्याच. तेथे त्यांनी नगरपालिकेच्या कंत्राटदारांकडील कामगारांना जगण्यापुरते वेतन देणारा नियम आणला. महापौर रिचर्ड रिओर्डन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला आणि परिषदेने 1997 मध्ये तो ओलांडून नियम कायम केला. 2000 ते 2006 या काळात त्या राज्य विधानसभेत होत्या आणि तेथे शिक्षण समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. समलिंगी जोडप्यांना विवाहितांसारखे बहुतेक सर्व हक्क देणारे 2003 चे विधेयकही त्यांचेच.

त्या काळी विधानसभेत दोन-दोन वर्षांच्या तीनच मुदती मिळत, त्यामुळे 2006 मध्ये त्यांना बाहेर पडावेच लागले. त्यानंतर सुमारे बारा वर्षे त्या कोणत्याही लोकनियुक्त पदावर नव्हत्या. 2018 मध्ये त्यांच्या भागातील बोर्ड सदस्य रेफ रॉड्रिग्ज यांनी निवडणूक निधीच्या गैरव्यवहारात गुन्हा कबूल करून राजीनामा दिला आणि जागा रिकामी झाली. पाठोपाठ जानेवारी 2019 मध्ये लॉस एंजेलिसच्या शिक्षकांनी तीस वर्षांनंतर पुन्हा संप केला. वर्गातील मुलांची संख्या कमी करा, प्रत्येक शाळेत परिचारिका द्या, अशा त्या मागण्या होत्या आणि शहरातील पालक मोठ्या संख्येने शिक्षकांच्या पाठीशी उभे राहिले. त्या वातावरणात गोल्डबर्ग परतल्या. आमदारकीवरून त्या खाली उतरल्या असे मला वाटत नाही. पैसा कोठे अडतो हे सॅक्रमेंटोत आतून पाहिलेली व्यक्ती शाळेच्या दाराशी परत आली, असे मी म्हणेन. आणि असे परत येणारे लोक आपल्याकडेही असावेत असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : शाळेच्या समितीची निवडणूक लढवायला कोट्यवधी रुपये लागतात असे वाचले. एवढा पैसा कोण आणि कशासाठी घालते? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : वाचलेले खरे आहे. 2017 मध्ये लॉस एंजेलिसच्या बोर्डाच्या निवडणुकीत सर्व बाजूंचा मिळून सुमारे दीड कोटी डॉलर खर्च झाला. उमेदवाराला थेट देण्याच्या देणगीवर कडक मर्यादा असते, मात्र उमेदवाराशी संगनमत न करता बाहेरून केलेल्या प्रचारखर्चावर मर्यादा नसते. हा बाहेरचा पैसा प्रामुख्याने दोन गोटांतून येतो: एकीकडे शिक्षकांच्या आणि शाळा कर्मचाऱ्यांच्या संघटना, दुसरीकडे चार्टर शाळांचे पुरस्कर्ते आणि त्यांचे श्रीमंत देणगीदार. पगाराचा करार आणि चार्टर शाळांची परवानगी, दोन्ही त्या सात जणांच्या मतावर अवलंबून असल्याने दोघांचेही हितसंबंध थेट गुंतलेले असतात.

2019 ची पोटनिवडणूक मात्र या ठरलेल्या साच्यात बसली नाही, म्हणून ती सांगतो. मार्चमधील पहिल्या फेरीत दहा उमेदवार होते. गोल्डबर्ग यांना सुमारे 48 टक्के मते पडली, म्हणजे निम्म्याचा टप्पा थोडक्यात हुकला. दुसऱ्या क्रमांकासाठी हेदर रेपनिंग आणि ग्रासिएला ऑर्टीझ यांच्यात अगदी थोड्या मतांचा फरक निघाला आणि रेपनिंग पुढच्या फेरीत गेल्या. रेपनिंग यांच्यामागे महापौर एरिक गार्सेटी होते आणि शाळांतील मदतनीस, सफाई कामगार व बसचालक यांची संघटनाही होती. गोल्डबर्ग यांच्यामागे शिक्षक संघटना होती. म्हणजे या वेळी खरी लढत दोन कामगार संघटनांमध्येच झाली. 14 मे रोजी गोल्डबर्ग सत्तर टक्क्यांहून अधिक मते घेऊन जिंकल्या.

त्या मतदारसंघाचा नकाशा पाहिला तर आणखी एक अडचण लक्षात येते. उत्तरेला सिल्व्हर लेक, ईगल रॉक यांसारख्या सुखवस्तू वस्त्या आणि दक्षिणेला हंटिंग्टन पार्क, साउथ गेट यांसारखी कष्टकरी लॅटिनो शहरे, आणि दोन्ही भाग एका चिंचोळ्या पट्ट्याने जोडलेले. विद्यार्थी बहुसंख्य लॅटिनो असताना प्रतिनिधी लॅटिनो असावा, अशी मागणी तेव्हा जोरात होती आणि ती रास्तच होती. मतदान मात्र फारच थोडे झाले, आणि मतदान कमी असते तेव्हा संघटित कार्यकर्ते ज्याच्याकडे, त्याचे पारडे जड होते. गोल्डबर्ग यांचा विजय त्यांच्या कामावर मिळालेला होता, हे मान्य करूनही ही बाजू सांगितलीच पाहिजे. 2020 पासून या निवडणुका राज्याच्या निवडणुकांबरोबर घेतल्या जाऊ लागल्या, त्यामागे मतदान वाढावे हाच हेतू होता. मार्च 2020 मध्ये गोल्डबर्ग यांनी क्रिस्टिना मार्टिनेझ डुरान यांचा पहिल्याच फेरीत पराभव केला.

मते मिळाली म्हणजे पैसा मिळतोच असेही नाही. निवडून आल्यावर तीनच आठवड्यांनी, 4 जून 2019 रोजी, शाळांसाठी नवा मिळकत कर लावण्याचा प्रस्ताव मतदानाला आला. गोल्डबर्ग त्याच्या समर्थक होत्या. त्याला दोन तृतीयांश मते लागत होती, प्रत्यक्षात निम्मीही पडली नाहीत.

प्रश्न : निवडून आल्यावर अशा सदस्याने नेमके काय केले, याचे एखादे उदाहरण द्याल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दोन देतो. जून 2023 मध्ये, गोल्डबर्ग पुन्हा अध्यक्षा असताना, नॉर्थ हॉलिवूडमधील एका प्राथमिक शाळेबाहेर काही पालकांनी निदर्शने केली आणि धक्काबुक्कीही झाली. कारण होते एक चित्रमय बालपुस्तक. घरे वेगवेगळ्या प्रकारची असतात, कोणी आईवडिलांबरोबर राहते, कोणी एकट्या आईजवळ, कोणी आजी-आजोबांकडे, कोणी दत्तक असते, आणि काहींना दोन आई किंवा दोन बाबा असतात, असे ते पुस्तक सांगते. चार दिवसांनी बोर्डाच्या बैठकीत गोल्डबर्ग यांनी ते पुस्तक सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवले आणि यात मुलांना अपाय होईल असे काय आहे, असा सवाल केला. त्या चिडलेल्या होत्या आणि त्यांनी ते लपवले नाही. ज्या पालकांचा विरोध श्रद्धेतून आला होता त्यांच्याशी शांतपणे बोलणी व्हायला हवी होती, हा आक्षेप मला मान्य आहे. पण वादाचा मजकूरच लोकांसमोर ठेवावा, हा अध्यक्षांचा निर्णय मला योग्य वाटतो, कारण निदर्शकांपैकी किती जणांनी ते पुस्तक उघडून पाहिले होते, हा प्रश्न तेथे कोणीच विचारत नव्हते.

दुसरे उदाहरण कमी गाजलेले, पण शाळांवर अधिक परिणाम करणारे आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने चार्टर शाळांना सरकारी शाळांच्या इमारतीत जागा द्यावी लागते. मग एकाच आवारात दोन शाळा, दोन मुख्याध्यापक, आणि ग्रंथालय, मैदान, जेवणाची जागा यांची वेळापत्रके लावण्यातच दिवस जातो. ज्या शाळांत आधीच दुबळ्या घटकांतील मुले अधिक आहेत तेथे अशी वाटणी शक्यतो टाळावी, असे धोरण गोल्डबर्ग आणि रोसिओ रिव्हास यांनी मांडले आणि ते चार विरुद्ध तीन अशा काठावरच्या मतांनी मंजूर झाले. एका जागेसाठी लोक एवढा पैसा का ओततात, हे त्या आकड्यांवरून कळते.

प्रश्न : महाराष्ट्रात असे थेट निवडून येणारे शिक्षण मंडळ का नाही? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मंडळे होती, पण थेट निवडलेली नव्हती. 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याखाली महापालिकांची शिक्षण मंडळे चालत आणि त्यांचे सदस्य मतदार नव्हे, तर नगरसेवक निवडत. त्यामुळे ज्या पक्षाचे जितके बळ तितक्या जागा, असा हिशोब होई. 2013 मध्ये ही मंडळे कायद्यानेच मोडीत निघाली आणि कारभार महापालिकांकडे गेला. ग्रामीण भागात जिल्हा परिषदेची शिक्षण समिती आहे. विधान परिषदेत सात शिक्षक आमदार असतात, परंतु त्यांना निवडून देण्याचा हक्क माध्यमिक आणि त्यावरील शिक्षकांना आहे. पालकांना तर नाहीच, प्राथमिक शिक्षकांनाही नाही. पालकांच्या हाती थेट आहे ती शिक्षण हक्क कायद्याखालील शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. ती एका शाळेपुरती असते आणि शिक्षकांची भरती किंवा बदली तिच्या अखत्यारीत येत नाही, तरीही आपल्या मुलाच्या शाळेत तिची बैठक कधी होते याची चौकशी आपण जरूर करावी.

प्रश्न : मुलगा आणि सून कॅलिफोर्नियात नोकरीच्या व्हिसावर आहेत, नात सरकारी शाळेत जाते. ते या निवडणुकीत मत देऊ शकतात का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : लॉस एंजेलिसमध्ये नाही, त्यासाठी नागरिकत्व लागते. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी मात्र 2016 मध्ये असा नियम मंजूर केला की, ज्यांची मुले शहरात राहतात असे नागरिक नसलेले पालकही फक्त स्कूल बोर्डासाठी मत देऊ शकतील. नाव नोंदवण्यापूर्वी त्यांनी स्थलांतरविषयक वकिलाचा सल्ला घ्यावा, कारण नागरिक नसताना दुसऱ्या कोणत्याही निवडणुकीत चुकून मत दिले तर त्याचे परिणाम गंभीर होतात. मताचा हक्क नसला तरी बोर्डाच्या बैठका सर्वांसाठी खुल्या असतात आणि बोलण्यासाठी नाव नोंदवता येते, त्याला नागरिकत्वाची अट नाही. गोल्डबर्ग 2024 ची निवडणूक न लढवता निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी कार्ला ग्रिएगो या शिक्षिका निवडून आल्या. त्या भागात राहणाऱ्या पालकांनी आपले म्हणणे आता त्यांच्या कार्यालयाकडे मांडावे.